कठड्याशी पहिली जागा

शमुवेल त्रिभुवन काठी टेकत आला आणि कठड्याशी माझ्या शेजारी गुडघे टेकायला वाकला, तेव्हा मी उठले. कुणी ढकललं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. पदर सावरल्यासारखं केलं, बायकांच्या पाठीमागून गेले आणि पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली जाऊन टेकले. पाळकसाहेब प्याला घेऊन उजवीकडून निघालेच होते.

एवढंच केलं मी. सत्तावीस वर्षं झाली त्याला. नोकरी संपली, गुडघे बदलून झाले, माणसांची निम्मी नावं विसरायला लागले; पण ती आठ-दहा पावलं काही डोक्यातून जात नाहीत.

आमचं मिशन कंपाउंड नगर जिल्ह्यातलं, गोदावरीच्या अलीकडचं. दवाखाना, मुलींचं बोर्डिंग आणि मधोमध दगडी देऊळ, म्हणजे चर्च. देवळात वेदीपुढे लाकडी कठडा. त्याच्याशी एका वेळी बारा माणसं गुडघे टेकतात, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मध्ये काही आडोसा नाही, म्हणून पुरुषांतला शेवटचा आणि बायकांतली पहिली अगदी खांद्याला खांदा लावून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. प्याला एकच, चांदीचं पाणी दिलेला, मनुका उकळून केलेल्या रसाचा. पाळकसाहेब एकाच्या ओठाला तो लावायचे, पांढऱ्या फडक्याने कड पुसायचे, जरासा फिरवायचे आणि पुढच्याला द्यायचे.

बायकांतली पहिली जागा माझी. माझ्याआधी ती आईची होती. आई बायबलबाई होती. पायात टायरच्या चपला आणि खांद्याला पिशवी घेऊन गावोगाव हिंडायची, लोक आत घेत नसत तिथे उंबऱ्याबाहेर बसून बायकांशी बोलायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवरा मारतोय, सगळं ऐकून मग देवाचं नाव काढायची. ती गेल्यावर तिथे मी टेकायला लागले. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण ती जागा दवाखान्यातल्या एस्तेर सिस्टरची असं सगळे धरून चालले. मला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं कशाला सांगू.

आणि शमुवेलला तिथे मीच बोलावलं होतं.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात होता. तो ट्रकवर ड्रायव्हर, गुजरात-कर्नाटक फिरणारा. दोन महिने घरी पडून होता. डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, पण बाहेर आल्यावर त्याने मला पुन्हा विचारलं.

"सिस्टर, हा तोच आजार ना? आमच्या लाईनवरची दोन पोरं गेली याच्यात."

"तोच आहे, शमुवेलभाऊ."

तो भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिला, मग बायकोचं विचारलं. "सुवार्ता?"

"तिचं रक्त चांगलं आहे. दोनदा तपासलं."

तेव्हा तो रडला. मोठा बाप्या माणूस, तोंडावर टोपी धरून रडला. मग म्हणाला, "माझं मी भोगतो. तुम्ही एकच करा. सुवार्ताचं बोर्डिंगातलं काम जाऊ देऊ नका. ह्या कानाचं त्या कानाला झालं तर तिला चुलीपाशी कोण उभं करणार? माझ्या मागं तिला दुसरं काय आहे?"

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही," मी म्हणाले.

"आणि प्रभुभोजनाला येऊ का? प्याला एकच असतो."

"खुशाल या. प्याल्याने, ताटाने, हात धरल्याने हा आजार कुणाला होत नाही. टीबी नाही, तेही तपासलंय. तुम्हाला देवळात यायला कोण अडवतं बघू."

तोंडातून शब्द नाहीच निघाला माझ्या. पण त्या रविवारी तो शेजारी वाकला, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जांभळं औषध दिसलं, दवाखान्यात मीच कापसाने लावलेलं, आणि माझे पाय उठले. पांढऱ्या कपड्यांतली ती शहाणी सिस्टर त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. टोकाला जाऊन टेकल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या आणि त्याच्या मध्ये आता पाच बायका आहेत. म्हणजे माझ्याऐवजी मी त्यांना पुढे केलं होतं. धोका नाही हे मला माहीत होतं म्हणावं, तर मी सरकले कशाला? आणि धोका आहे असं वाटलं म्हणावं, तर त्या बायांना तिथे कशी सोडून आले? कुठूनही बघितलं तरी मी वाईटच ठरत होते.

माझी मोकळी जागा कुणी भरली, तर सुवार्ताने. त्याची बायको. ती माझ्या पलीकडेच होती, गुडघ्यांवरच सरकत पुढे आली आणि नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली. मला वाटलं, चला, झाकलं गेलं.

उपासना सुटल्यावर घंटेच्या खांबापाशी लिलाबाई घोडके उभ्या होत्या. बोर्डिंगच्या मेट्रन. साठ मुलींना नुसत्या खाकरण्याने गप्प करणारी बाई. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, म्हणून मला अगंतुगं.

"एस्तेर, आज जागा का सोडलीस गं?"

"खिडकीपाशी जरा वारा होता."

"वारा," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात."

आणि छत्रीची काठी आपटत गेल्या.

गुरुवारी त्या दवाखान्यात आल्या. रक्तदाब तपासायचं निमित्त. मी पट्टा बांधला, फुगा दाबायला घेतला, तशा म्हणाल्या, "शमुवेलला काय झालंय?"

"कुठल्याही पेशंटचं मी बोलत नाही. तुमचंही कुणाला सांगत नाही."

"माझं सांग खुशाल, रक्तदाब काय लपवायचाय. ट्रकवर होता, वाळून काटकी झालाय, तोंडात जांभळं लावतोय. मी काय खुळी आहे?"

"समजा, कुणाला कसलाही तसला आजार असला," मी म्हणाले, "तरी घरच्या बाईने स्वयंपाक केल्याने तो पसरत नाही. जेवणातून नाही, भांड्यातून नाही. हे मी पुस्तकावर हात ठेवून सांगते."

"मग तू का सरकलीस?"

मी पारा खाली येताना बघत बसले. आकडा चुकला, पुन्हा फुगवावं लागलं.

"मी शिकलेली नाही तुझ्यासारखी," लिलाबाई म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला रोगातलं काही कळत नाही. मी तुझ्याकडे बघते. तू म्हणालीस कांजिण्या, की मी पोरी वेगळ्या निजवते. तू म्हणालीस खरूज, की मी चादरी उकळते. साठ आयांनी पोरी माझ्या पदरात टाकल्यात. रविवारी तू उठलीस, मी ते बघितलं. आता तू तोंडाने काहीही सांग."

शनिवारी त्यांनी सुवार्ताला सांगितलं, नवऱ्याचं आजारपण आहे, तू घरी थांब, लागलं तर बोलावीन. कुणासमोर नाही, ओरडून नाही. प्रभुभोजनाच्या मनुका अकरा वर्षं सुवार्ता उकळायची. त्याही काढून घेतल्या.

मग मला काही सुचेना. ड्युटीवर दोनदा इंजेक्शनची वेळ चुकले. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नसत. देवापुढे बसून मी लिलाबाईंना द्यायची उत्तरं जुळवत असे. उभं राहून मंडळीपुढे सांगावं, की मी घाबरट आहे, माझं चुकलं? पण काय चुकलं हे सांगायचं, तर शमुवेलचा आजार चव्हाट्यावर मांडायचा. माफी मागायला गेले तर दिलेला शब्द मोडत होता, आणि गप्प बसले तर त्या बाईची भाकरी जात होती. नाताळ आला आणि गेला. बोर्डिंगच्या करंज्या आल्या, त्या मी तशाच शेजारी दिल्या.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी बोलावलं. रेव्हरंड भांबळ, स्वभावाने गरीब माणूस. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून धडपडायचे आणि त्यात कुणीतरी दुखावलं जायचंच.

"सिस्टर, मंडळीत कुजबूज आहे," ते म्हणाले. "मी विचार केला, प्रत्येकाला वेगळा छोटा कप देऊ. मोठ्या शहरांत तसंच करतात. दवाखान्यात औषध पाजायचे प्लास्टिकचे कप असतात ना? चाळीस-पन्नास नवे मिळतील?"

"मिळतील."

"म्हणजे कुणाला वेगळं पाडल्यासारखं होणार नाही."

"आणि सुवार्ताचं काम?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मेट्रनबाईंच्या हातात आहे. आपण प्रार्थना करू."

वेगळ्या कपात तसं वाईट काहीच नाही. आता आमच्याकडेही तेच आहेत आणि बरंच आहे. पण तेव्हा ते एका माणसापायी येणार होते, आणि तो माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्टोअरमधून नव्या कपांची चळत मागून घेतली, पिशवीत घातली आणि तशीच शमुवेलच्या घरी गेले.

सुवार्ता दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पाट मांडला. मी बसले नाही.

"सुवार्ता, त्या दिवशी मी…"

"मला माहीत आहे, सिस्टर. म्हणून तर मी पुढे सरकले. म्हटलं, जागा भरली तर कुणाच्या ध्यानात यायचं नाही." तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "पण लिलाबाईंची नजर. त्यांना पोरींच्या वेणीतली ऊ लांबून दिसते."

आतून शमुवेल म्हणाला, "आत या ना. का इथंही टोकाला बसता?"

मी आत गेले. तो बाजेवर भिंतीला टेकून होता. चेष्टा करत होता, पण डोळे काही हसत नव्हते.

"रागवा ना," मी म्हणाले. "बोला मला काहीतरी."

"रागावलो होतो. चार दिवस जेवलो नाही. मग वाटलं, मी तरी काय केलं असतं? आमच्या लाईनवरचा एक असाच आजारी पडला होता, त्याचा डबा मी बाहेर फेकून दिला होता. तो बघत होता." मग त्याने माझ्या हाताकडे मान केली. "पिशवीत काय आहे?"

मी सांगितलं. सुवार्ता उंबऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "कप आले म्हणजे लिहूनच दिल्यासारखं झालं, सिस्टर. मग मला बोर्डिंगात कुणी घेत नाही."

"शमुवेलभाऊ, तुम्ही रविवारी या," मी म्हणाले.

"मागं एकदा बोलावलं होतंत."

"हो. आणि मी पळाले. पुन्हा बोलावते आहे."

"आणि पुन्हा पळालात तर?"

मला छातीठोकपणे नाही म्हणता येईना. मी म्हणाले, "भीती आहे मला अजून. ती काही गेलेली नाही. तरी या."

मी पिशवी उचलून घरी आले.

जानेवारीतला पहिला रविवार उजाडला. मी माझ्या बाकावर बसले, पिशवी पायाशी. बाई गं, त्या पिशवीकडे बघायची सोय नव्हती. गीतं झाली, संदेश झाला, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. शमुवेल आला होता. पुरुषांच्या बाजूला सगळ्यात मागे, दाराजवळच्या बाकावर, कधीही उठून जाता येईल असा बसला होता. सुवार्ता बायकांत मागे. लिलाबाई माझ्याच ओळीत, दोन बायका सोडून.

पाळकसाहेब वेदीपाशी गेले. जुना प्याला भरलेला होता, कारण कपांत ओतायचं ते त्यातूनच. ते माझ्या बाकापर्यंत आले, वाकून हळू म्हणाले, "सिस्टर, कप?"

"विसरले, साहेब."

देवाच्या देवळात, वेदीच्या समोर, पाळकाच्या तोंडावर खोटं बोलले. पुस्तकावर हात ठेवून सांगणारी बाई मी.

ते गोंधळले. मंडळीकडे बघितलं, प्याल्याकडे बघितलं, आणि मग दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी नेहमीसारखं आमंत्रण दिलं. कुणी उठेना. बाकं नुसती करकरली. शेवटी चार म्हातारे उठले, ज्यांना कमी ऐकू येतं आणि कुजबूज पोचलेलीच नसते असले. मी उठले. उठताना पाय पिशवीला लागला. मी तशीच पुढे गेले आणि माझ्या जागेवर टेकले. पहिल्या जागेवर. मागून सुवार्ता आली.

माझ्या उजव्या बाजूला मोकळं होतं. मी मान वळवली नाही. तो येईल की निघून जाईल कोण जाणे, आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणत होते, जा बाबा निघून, सुटू दे मला. मग काठीचा आवाज आला. दारापासून कठड्यापर्यंत बराच वेळ लागला त्याला. तो टेकला तेव्हा त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, नुसतं हाड.

"आहात," तो पुटपुटला.

"आहे."

पाळकसाहेब चौघांना देऊन आमच्यापर्यंत आले. त्यांनी शमुवेलच्या ओठाला प्याला लावला. तो प्यायला. साहेबांनी फडकं उचललं. मी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, साहेब. फिरवूही नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्याला जवळ ओढला आणि तो जिथे प्यायला होता तिथेच ओठ लावले. भीती गेली नव्हती. भीतीसकट प्यायले. रस करपलेला होता, ते मात्र चांगलं आठवतंय.

सुवार्ता प्यायली. मग पुढे कुणी नव्हतं. डावीकडचा कठडा पार खिडकीपर्यंत मोकळा, आणि पाळकसाहेब भरल्या प्याल्यासकट उभे. उरलेलं वाया घालवायचं नाही, पाळकाने स्वतः संपवायचं, अशी आमची रीत. ते प्याल्यात बघत राहिले.

मागे छत्री बाकाला टेकवल्याचा आवाज झाला. लिलाबाई सावकाश चालत आल्या, कठड्याला धरून एकेक गुडघा खाली टेकला, आणि सुवार्ताच्या शेजारी स्थिर झाल्या. म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुढे या. माझे गुडघे दुखतात."

त्या प्यायल्या. त्यांच्या मागून बोर्डिंगच्या मोठ्या मुली उठल्या, मग बायका, मग बाकीचे पुरुष. सगळे नाही. पाच-सहा जण शेवटपर्यंत बसून राहिले. पण साहेबांना संपवायला फक्त घोटभर उरलं.

बाहेर घंटेच्या खांबापाशी लिलाबाईंनी सुवार्ताला अडवलं.

"रस करपला होता का गं?"

सुवार्ता घाबरून म्हणाली, "थोडासा."

"थोडा कसला, पार खाली लागला होता. उद्या पहाटे ये. पोरी माझ्या हातचं जेवून वैतागल्यात." मग माझ्याकडे वळून, "आणि एस्तेर, पुन्हा वारा लागला तर हातपंखा घेऊन ये."

त्या गेल्या. सुवार्ता पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली. शमुवेल काठीवर भार देऊन माझ्याजवळ आला.

"सिस्टर, कप घरी विसरलात म्हणे."

"हं."

"उठताना तुमचा पाय पिशवीला लागला. खुळखुळ पार दारापर्यंत ऐकू आली."

"गप बसा," मी म्हणाले. "आत्ता प्रभुभोजन घेऊन आलाय."

तो हसला. ओठ चिरलेले होते, म्हणून त्यांना हात लावून हसला.

पुढचे दोन पहिले रविवार आम्ही तसेच टेकलो. दोन्ही वेळा मला भीती वाटली, दोन्ही वेळा मी फडकं थांबवलं. एप्रिलमध्ये तो राहिला नव्हता. सुवार्ताच्या हातचा रस होता, गोड आणि नितळ. पाळकसाहेबांनी शेवटच्या म्हाताऱ्याला प्याला दिला, कड पुसली, तो फिरवला आणि माझ्यापुढे धरला. त्या दिवशी मला जराही भीती वाटली नाही, आणि मी कठडा धरून रडले.